कॉम्प्युटरचे कॅबिनेट करंट का मारते?

सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडणारी मुले-मुली आता शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतही कमी नाहीत. कोणी आसनगावहून लोकल पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठते, कोणी मुरबाडहून एसटीने कल्याणला जाऊन सामान आणते. प्रोसेसर कसा बसवायचा, रॅम कुठल्या खाचेत घालायची हे व्हिडिओ पाहून शिकता येते. त्या व्हिडिओंत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते: भिंतीवरच्या सॉकेटचे वरचे मोठे भोक खरोखर जमिनीला जोडलेले आहे. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत ते कशालाच जोडलेले नसते.

अशा घरात कॉम्प्युटर सुरू होतो, चित्र येते, सगळे ठीक वाटते. मग अनवाणी उभे असताना कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला बोट लागते आणि हाताला झिणझिण्या येतात. टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा लागतो. घरात एकच निष्कर्ष निघतो, की एसएमपीएस खराब लागला. तो बदलून आणला तरी करंट मारणे थांबत नाही, कारण बहुतेक वेळा दोष त्या डब्यात नसतोच.

एसएमपीएस म्हणजे घरातली 230 व्होल्टची वीज घेऊन कॉम्प्युटरला लागणारी 12, 5 आणि 3.3 व्होल्टची वीज देणारा डबा. त्याच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळणारा फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, म्हणजे घरच्या विजेला अगदी बारीक वाट देणारे भाग. एक फेजकडून पत्र्याकडे जातो, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थिंग असेल तर त्यांतून आलेला किरकोळ प्रवाह तिसऱ्या तारेने जमिनीत उतरतो आणि आपल्याला काही कळत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोघांच्या मधे अधांतरी राहतो आणि त्यावर 230 च्या निम्मा, साधारण 115 व्होल्टचा दाब दिसतो.

हा प्रवाह बहुधा एक मिलिॲम्पिअरच्या आतबाहेर असतो. मिलिॲम्पिअर म्हणजे ॲम्पिअरचा हजारावा भाग. एवढ्याने झिणझिण्या येतात, जीव जात नाही. पावसाळ्यात ओल्या कोब्यावर किंवा सारवलेल्या जमिनीवर त्या जास्त जाणवतात, पायात चप्पल असली की कमी. म्हणूनच पुष्कळ घरांत ‘चप्पल घालून बस’ हाच उपाय ठरतो. तो उपाय नव्हे. उद्या उंदराने वायर कुरतडली किंवा डब्याच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर त्याच स्क्रूवर पूर्ण 230 व्होल्ट येतील आणि तेव्हा प्रवाहाला अडवणारे कपॅसिटर मधे नसतील. आजच्या झिणझिण्या त्या दिवसाची आगाऊ सूचना आहेत. म्हणून पहिला भाग विकत घेण्याआधी आपण खालून, जमिनीपासून सुरुवात करू.

खांबावरून आपल्या मीटरपर्यंत सर्व्हिस वायरने दोन तारा येतात: फेज आणि न्यूट्रल. तिसरी, म्हणजे अर्थिंगची हिरवी तार, आपल्याच आवारातल्या खड्ड्यातून यायची असते. न्यूट्रल डीपीपाशी, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेला असतो. पण तो वीज परत नेणारा रस्ता आहे. त्याच्यावर रोज प्रवाह वाहतो, आणि वादळात तो तुटूही शकतो. हिरव्या तारेत एरवी जवळजवळ काहीच वाहायला नको. बिघाड झाला तरच तिचे काम सुरू होते.

आता सॉकेट तपासू. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असायला हवे. मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे हातातले यंत्र, दुकानात स्वस्तात मिळते. त्याचा काटा किंवा बटण एसी 750 किंवा 600 वर ठेवून तीन मोजण्या घ्याव्यात. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अगदी थोडे, साधारण एक-दोन व्होल्ट. फेज आणि अर्थिंगमध्ये 60, 90 असा भलताच आकडा आला किंवा काहीच आले नाही, तर हिरवी तार बहुधा कुठेतरी तुटलेली आहे किंवा मुळात नाहीच. विजेच्या बोर्डाशी काम करायची सवय नसेल तर ही मोजणी वायरमनकडून करून घ्या.

आकडे बरोबर आले म्हणजे अर्थिंग चांगले, असे मात्र धरू नका. मल्टीमीटरला वाचन दाखवायला नावापुरता प्रवाह पुरतो. कातळावर टेकलेली गंजकी सळईसुद्धा त्याला 230 दाखवू शकते. म्हणून वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये 100 वॉटचा जुना, तारेचा बल्ब लावून पाहतो. तो पूर्ण उजेडाने पेटला तर बरे. मंद पेटला तर खड्ड्यात दम नाही. एलईडी दिवा या परीक्षेला चालत नाही, कारण तो कमी दाबावरही पेटतो. एक धोका लक्षात ठेवा: अर्थिंग वाईट असेल तर ही परीक्षा चालू असताना घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या पत्र्यावर दाब चढतो. आधी फ्रिज, मोटर, वॉशिंग मशीन यांचे टॉप, म्हणजे प्लग, काढा आणि मुलांना लांब ठेवा. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच (त्याची ओळख पुढे येईल), असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडेल, आणि तसेच व्हायला हवे. सगळ्यांत चांगले म्हणजे अर्थ टेस्टर असलेल्या परवानाधारक ठेकेदाराकडून खड्ड्याचा रोध ओहममध्ये मोजून घेणे. घरासाठी 5 ओहमच्या आत आला तर उत्तम.

इथे एका चुकीवर जरा थांबायला हवे, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते आणि जीव घेते. खड्डा नाही म्हणून काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंगच्या भोकात वायरचा तुकडा जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, टेस्टर विझतो, मालक खूश होतो. मग जूनमधल्या पहिल्या वाऱ्यात झाडाची फांदी पडून खांबावर न्यूट्रल तुटतो. घरात एखादा पंखा चालू असतो. त्याच्यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि त्या तुकड्यातून थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर. पूर्ण 230 व्होल्ट, आणि एकही फ्यूज उडत नाही.

हा तुकडा ओळखायची एक युक्ती आहे. त्याच बोर्डावर इस्त्री लावून न्यूट्रल-अर्थिंग मोजा. खऱ्या अर्थिंगमध्ये इस्त्री चालू होताच आकडा थोडा वाढतो. तो शून्यालाच चिकटून राहिला तर बोर्ड उघडून पाहायला सांगा.

दुसरी चूक गावाकडची आहे. न्यूट्रल गेला की फेज आणि अर्थिंगवर दिवे-पंखे चालवायचे. असे केले की खड्डा बिघाडाची वाट राहत नाही, तो रोजचा वीज वाहणारा रस्ता होतो. खड्ड्याची तार मधेच निखळली तर घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या वस्तू जिवंत फेजला जोडल्या जातात. खड्डा गोठ्याजवळ असेल तर भोवतालच्या ओल्या जमिनीतही दाब पसरतो, आणि चार पायांवर उभ्या जनावराला तो माणसाआधी लागतो. न्यूट्रल गेला तर महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तोपर्यंत मेन स्विच बंद ठेवा.

तिसरी गोष्ट नळाच्या पाइपाची. पूर्वी लोखंडी पाइपाला तार गुंडाळून अर्थिंग केलेली घरे आहेत. नंतर पाइप पीव्हीसीचा झाला, वर दिसणारा लोखंडी तुकडा तेवढा राहिला. बोअरवेलच्या केसिंगचेही तसेच: वरचे झाकण लोखंडी असले तरी आतला पाइप प्लास्टिकचा असू शकतो. पाइपावर भरवसा ठेवू नये.

खड्डा नव्याने करायचा असेल तर आपल्या भागाची जमीन समजून घ्यावी लागते. माहुलीपासून माळशेजपर्यंत खाली सगळा काळा पाषाण. काही ठिकाणी दोन-तीन फुटांवरच कातळ लागतो, वर मुरूम. दोन्हींतून वीज मुश्किलीने वाहते. भाताच्या खाचरातली काळी, ओल धरणारी माती त्यामानाने कितीतरी चांगली. शिवाय पावसाळ्यात चिखल असलेली जागा एप्रिलमध्ये भेगाळते. म्हणजे सप्टेंबरमध्ये उत्तम मोजलेला खड्डा मे महिन्यात निकामी असू शकतो.

भारतीय मानक आयएस 3043 प्रमाणे साध्या पाइप अर्थिंगसाठी किमान 38 मिलिमीटर आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप लागतो, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. पाया आणि भिंतीपासून दीड मीटर लांब, मोरीच्या किंवा केळी-अळूच्या जागेजवळ तो पुरावा, जिथे वापराचे पाणी मुरते. शहापुरात उन्हाळ्यात पाडे-पाडे टँकरची वाट बघत असताना खड्ड्यात प्यायचे पाणी ओता, असे सांगणे बरे नाही. भांडी-कपड्यांचे पाणी तिकडे वळवले तरी पुरते.

मीठ आणि कोळशाचे थर घालायची पद्धत जुनी आहे आणि सुरुवातीला चालतेही. पण आपल्या पावसात मीठ दोन-तीन वर्षांत वाहून जाते, आणि जाता जाता पाइप गंजवते. बेंटोनाइट नावाची ओल धरणारी चिकणमाती पिशवीतून मिळते, ती घालणे मला जास्त पटते.

कातळ वरच लागला तर काय करायचे? मानकातच वाट दिली आहे: पाइप उभ्या रेषेपासून 30 अंशांपर्यंत तिरका पुरता येतो. तेही जमत नसेल तर किमान अर्धा मीटर खोल चर खणून त्यात जीआयची पट्टी आडवी पुरायची. लांबी 15 मीटरपेक्षा कमी नको. भाताच्या बांधालगत असा चर सहज मिळतो. दोन पाइप पुरून एकमेकांना जोडले तरी रोध कमी होतो, फक्त दोघांत पाइपाच्या दुप्पट लांबीचे अंतर ठेवावे.

खड्ड्याहून जास्त बिघाड खड्ड्याच्या तोंडाशी होतो. पाइपाला तार नुसती गुंडाळलेली असते, दोन पावसाळ्यांत तिथे गंज चढतो. क्लॅम्प आणि नटबोल्टने घट्ट आवळावे, वर डांबराचा किंवा गंजरोधक रंगाचा हात द्यावा, आणि जोड उघडून पाहता येईल असे झाकण ठेवावे. तिथून घरच्या बोर्डापर्यंत तारेला मधे जोड नको.

इथे आरसीसीबीची ओळख करून घेऊ. दुकानात त्याला बरेच जण ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परत आलेली वीज यांत 30 मिलिॲम्पिअरचा फरक पडला की तो डोळ्याची पापणी लवण्याआधी पुरवठा तोडतो. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच, हे करत नाही. हिशेब करून बघा: खड्ड्याचा रोध 20 ओहम असेल तर बिघाडात 230 भागिले 20, म्हणजे फार तर साडेअकरा ॲम्पिअर वाहतील. 16 ॲम्पिअरचा एमसीबी तेवढ्यावर पडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. उलट 200 ओहमच्या अगदी वाईट खड्ड्यातून 30 मिलिॲम्पिअर वाहायला 6 व्होल्टही पुरतात, त्यामुळे आरसीसीबी पडतोच. कातळाच्या गावात 5 ओहम मिळवण्यासाठी झुरण्यापेक्षा जमेल तेवढा चांगला खड्डा आणि त्याच्या जोडीला आरसीसीबी, हे माझे स्पष्ट मत आहे. झिणझिण्यांसाठीही तेवढा खड्डा पुरतो, कारण 200 ओहमवर एक मिलिॲम्पिअरचा दाब जेमतेम 0.2 व्होल्ट होतो. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहावे.

आता कॉम्प्युटर जोडायला बसू. जोडताना टॉप सॉकेटमधून काढलेला असावा. स्विच बंद करून टॉप तसाच ठेवा, म्हणजे कॅबिनेट अर्थ राहते, असा सल्ला काही व्हिडिओंत असतो. अर्थिंगची खात्री असेल तिथे तो ठीक आहे. पण आपल्याकडे कधी कधी बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे झालेले असतात आणि स्विच न्यूट्रलच तोडत असतो, तेव्हा बंद स्विचमागेही फेज एसएमपीएसपर्यंत पोचलेला असतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. टॉप काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून जास्त साठा काही काळ राहतो.

अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेचा त्रास पावसाळ्यात कमी आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत जास्त. आपल्याला चटका जाणवतो तो काही हजार व्होल्टना, नाजूक चिप त्याच्या कितीतरी खाली बिघडू शकते. टेरिकॉट किंवा लोकरीचे कपडे टाळावेत, लाकडी टेबल घ्यावे, आणि प्रत्येक भाग उचलण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे आपण आणि पत्रा एका पातळीवर येतो. मनगटी पट्टा वापरत असाल तर त्याची क्लिप कॅबिनेटला लावा, सॉकेटच्या भोकात कधीही नको.

मदरबोर्ड पितळी स्टँडऑफवर बसतो, म्हणजे पत्र्यापासून त्याला उचलून धरणाऱ्या छोट्या खांबांवर. मदरबोर्डावर जिथे भोक आहे, तिथेच कॅबिनेटवर खांब हवा. एखादा जास्तीचा खांब राहिला तर तो मागच्या टाक्यांना टेकतो आणि कॉम्प्युटर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतो. मागच्या पोर्टांभोवतीच्या पातळ पत्र्याचे जिभेसारखे तुकडेही पाहून घ्या. एखादा यूएसबीच्या किंवा लॅनच्या भोकात शिरतो.

एसएमपीएसचे चारही स्क्रू घट्ट बसवा. त्याचा पत्रा, कॅबिनेट आणि मदरबोर्डाचा शून्य व्होल्ट हे सगळे तिथून एकमेकांना जोडले जातात. म्हणूनच अर्थिंग नसले की झिणझिण्या कॅबिनेटपुरत्या राहत नाहीत, हेडफोनच्या पिनेपर्यंत आणि एचडीएमआय केबलच्या टोकापर्यंत पोचतात.

मग येते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू: एक्स्टेन्शन बोर्ड. टॉपची अर्थिंगची पिन मुद्दाम जाड आणि लांब असते, म्हणजे ती आधी लागते आणि शेवटी सुटते. ती कापून किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावून जमिनीतला सगळा खर्च वाया घालवू नका. कुठलाही टॉप बसेल अशा भोकांच्या हलक्या बोर्डात अर्थिंगची पट्टी सैल असते, काहींत ती नसतेच. यूपीएस किंवा इन्व्हर्टर मधे असेल तर त्याच्यातूनही हिरवी तार अखंड येते का, हे लाइट गेलेली असताना आणि आलेली असताना वेगवेगळे तपासा.

आता टॉप लावा, पण मॉनिटर, स्पीकर, इंटरनेटची केबल काहीच जोडू नका. मागच्या उघड्या स्क्रूपासून सॉकेटच्या न्यूट्रलपर्यंत मोजा. एक-दोन व्होल्ट आले की काम झाले. 90 किंवा 110 आले तर टॉप, एक्स्टेन्शन, सॉकेट, बोर्ड, क्लॅम्प अशा उलट्या क्रमाने मागे जा. बाकीच्या केबल टॉप काढलेला असताना जोडाव्यात. अधांतरी पत्र्याची केबल चालू टीव्हीत घालताना पडणारी बारीक ठिणगी एचडीएमआय पोर्ट जाळू शकते.

स्पीकरमधून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर बहुधा दोन वस्तू दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झाल्या आहेत. सगळे एकाच बोर्डावर घ्या, पिन कापू नका.

वादळी विजेपुढे हा सगळा बंदोबस्त तोकडा आहे. मे-जून आणि परतीच्या पावसाचा ऑक्टोबर हे आपल्याकडचे गडगडाटाचे दिवस. सर्ज प्रोटेक्टरलाही जादा दाब खाली उतरवायला चांगला खड्डाच लागतो, आणि जवळच वीज पडली तर त्याचाही टिकाव लागेल असे नाही. आभाळ गडद झाले की टॉप आणि छतावरून आलेली डिशची केबल दोन्ही काढून ठेवा, गडगडाट डोक्यावर यायच्या आधी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे दामिनी हे ॲप विजेची आगाऊ सूचना देते.

खड्ड्याची मोजणी दरवर्षी मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना करून घ्या. आणि जुळणीच्या खर्चाची यादी करायला बसाल तेव्हा रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटच्या आधी, पहिल्या ओळीत आरसीसीबी आणि अर्थिंगचा खड्डा लिहा.